बोटीवर वारं असतं

८ मार्च, रविवार

दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर तिघी उभ्या. वरच्या मजल्यावरच्या मावशी, खालची बेकरीवाली आणि पोस्टातली. मावशींनी पोस्टातलीचा दंड धरला होता. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे, कडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे त्या माझ्याशी बोलताना दाराच्या चौकटीकडे बघत होत्या.

"रंगवाले, आज रविवार," मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, हो.

"मग आत घ्या की."

ही गेल्यापासून कोणी आत आलं नव्हतं. म्हणजे भेटायला आले होते, पण ते वेगळं. या तिघी आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसल्या. हिची वेताची खुर्ची तेवढी मोकळी राहिली.

दर रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत पिक्चर असे. जुने इंग्रजी पिक्चर, नाचगाण्यांचे, बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट. हिने कुठून कुठून त्यांच्या तबकड्या मिळवल्या होत्या. खाली अक्षरं येत नसत. ही खुर्चीत बसून सगळ्यांची वाक्यं आपल्या भाषेत बोलून दाखवायची. नायिकेची, नायकाची, दारवानाचीसुद्धा. मावशींना दिसायचं कमी झालं तेव्हापासून कोण कुठे उभं आहे, कोणी काय घातलंय, तेही सांगू लागली. मी आतल्या खोलीत पेपर वाचत पडायचो. मला त्या पिक्चरांत गोडी नव्हती. एकही पूर्ण बघितलेला नाही.

"आता तुम्ही सांगायचं," बेकरीवाली म्हणाली. "तुमचं इंग्रजी चांगलंय. कंपनीची परदेशातली पत्रं तुम्हीच लिहिता ना, दादा?"

मी म्हटलं, बघतो.

"बघतो म्हणणाऱ्याने आजवर काही बघितलेलं नाही," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

त्या गेल्यावर मी हिचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला नट्यांचे फोटो चिकटवलेले आहेत. मला त्यांची नावं सांगता येणार नाहीत, कारण हिने त्यांना आपलीच नावं दिली होती. सतत जिना उतरते ती जिनेवाली. बुटांनी तबला वाजवते ती टकटक. एक भिवईवाली आहे, तिची एक भुवई नेहमी दुसरीपेक्षा वर. घरात ही त्यांच्याबद्दल माहेरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायची. "आज भिवईवालीचं डोकं फिरलंय." "टकटकला झोप नाही वाटतं, डोळे बघा." मी हूं म्हणायचो.

१० मार्च, मंगळवार

काम रोजचं. माझं काम रंग जुळवण्याचं. गिऱ्हाईक एक तुकडा पाठवतं, कापडाचा, पत्र्याचा, कधी नुसता उडालेला पोपडा. आम्ही तो दिव्याच्या पेटीत ठेवून तसाच रंग डब्यात तयार करतो. दिवसाच्या उजेडात जुळला पाहिजे, दिव्याखाली जुळला पाहिजे. नमुन्याशिवाय रंग नाही, हा आमच्या खोलीचा नियम.

नाक्या माझ्या शेजारच्या टेबलावर असतो. डबा न उघडता आत काय आहे ते तो वासावरून सांगतो, म्हणून नाक्या. त्याला रविवारचं सांगितलं. तो म्हणाला, "सांग की पिक्चर. तुझं काय जातंय? नाहीतरी भिंतीशी बोलतोस."

मी भिंतीशी बोलत नाही. कोणाशीच फार बोलत नाही. हिच्याशीही कामापुरतंच बोललो, असं आता वाटतं. जानेवारीत ॲम्ब्युलन्स आली तेव्हा हिला खुर्चीत बसवून खाली नेत होते. सांगायसारखं पुष्कळ होतं. मी विचारलं, "स्वेटर घेतलास का?" ही हसली. चांगली मोठ्याने हसली, खुर्ची धरणारे दोघंही थांबले. का हसलीस ते विचारायचं राहून गेलं.

१५ मार्च, रविवार

सांगितला पिक्चर. न सांगितला असता तर बरं झालं असतं.

त्यांनीच तो निवडला. जिनेवालीचा, त्यांचा सगळ्यात आवडता, वर्षातून दोनदा तरी लागायचा. मी हिच्या खुर्चीत बसलो नाही, स्टूल घेतलं.

गोष्ट अशी. जिनेवाली एका मोठ्या दुकानात हातमोजे विकते. गिऱ्हाइकाच्या हातात मोजा चढवताना गुणगुणत असते. दुकानातच एकजण पियानो वाजवून दाखवायला नोकरीस असतो, पियानो खपावेत म्हणून. तो तिचा आवाज ऐकतो. पुढे ती मोठी गायिका होते, नाटकघरात जिने उतरू लागते. तिला समुद्रापलीकडून बोलावणं येतं. तो तिला बंदरावर सोडायला जातो.

सुरुवातीलाच मावशींनी विचारलं, "काय घातलंय तिने?"

"गाऊन."

"रंग?"

"राखाडी."

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. म्हणजे दोघींनी. मावशींनी पडद्याकडे.

"आणि त्याचा कोट?"

"गडद राखाडी."

"फुलं असतील ना मागे? फुलदाणीत?"

"फिक्कट राखाडी."

बेकरीवालीला हसू आवरेना. "दादा, समुद्र येईल तेव्हा काय करणार?"

मी म्हटलं, पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट आहे, मूळ रंग काय होता ते कोणालाच माहीत असणं शक्य नाही. मावशी म्हणाल्या, "रंगाच्या कंपनीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या घरात एवढे ढग आलेले पहिल्यांदाच बघतेय." इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं.

पण मी सांगत गेलो तशी खोली गप्प होत गेली. मी एकही शब्द चुकवला नाही. पियानोवाला म्हणतो, तुझा आवाज ऐकून मला माझं तारुण्य परत मिळालं. मी तसंच सांगितलं. पोस्टातली हळूच म्हणाली, "हे कधी म्हणाला तो?" गुडघ्यावर बसून तो म्हणतो, तुझ्याविना माझे सूर अनाथ आहेत. बेकरीवालीने तोंडाला पदर लावला.

शेवटी बंदर. धुकं. तो कॉलर वर करून उभा. ती थांबली असती, थांबायलाच आली होती. तिने जावं म्हणून तो खोटं बोलतो. "मी तुझ्यावर कधीच प्रेम केलं नाही. जा."

मी ते सांगितलं.

"खोटं," बेकरीवाली उभीच राहिली. "असं नाही म्हणत तो."

"हेच म्हणतो."

"अहो दादा, आम्ही काय पहिल्यांदा बघतोय? तो तिला विचारतो—"

"गप्प बस," मावशी म्हणाल्या. "त्यांना सांगू नकोस."

त्या उठल्या. पोस्टातली त्यांचा हात धरायला धावली. पडद्यावर गाणं चालू होतं, जिनेवाली बोटीच्या कठड्याशी उभी होती आणि तिचा गाऊन वाऱ्यावर मागे उडत होता. कोणी बघायला नव्हतं. मी शेवटपर्यंत बसलो, कारण मधेच बंद करणं बरं दिसलं नसतं.

१६ मार्च, सोमवार

कामावरून आल्यावर बंदराचा भाग पुन्हा लावला. पुन्हा पुन्हा ऐकला. शब्द स्वच्छ आहेत, शाळेतल्या मुलालाही कळतील.

मग हिच्याकडून चूक कशी झाली? ही औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांचं अक्षर वाचणाऱ्या बाईला इंग्रजी येत नव्हतं असं कसं म्हणू? घाईत नीट ऐकू आलं नसेल. एकदा चुकीचं सांगितलं की तेच पुढे चालू राहतं. आमच्याकडेही असं होतं. एकदा चुकीचा डबा मंजूर झाला की पुढचे सगळे त्याच्याशी जुळवतात.

१८ मार्च, बुधवार

पाव आणायला खाली गेलो.

"काय देऊ?" बेकरीवाली नेहमी दादा म्हणते, आज म्हणाली नाही.

"नेहमीचं."

"नेहमीचं काय असतं ते आता देव जाणे. आम्हाला नेहमीचं वाटत होतं ते खोटं निघालं."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तिने पाव कागदात गुंडाळला आणि हातातच धरून ठेवला. "वहिनी आम्हाला इतकी वर्षं थापा मारत होत्या, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

मी पावाचे पैसे फळीवर ठेवले.

"मावशी रडल्या. जन्मभर दवाखान्यात नर्स होती ती बाई, माणसं हातावर गेली तिच्या. ती रडत नाही. म्हणाल्या, तुझी वहिनी गेली तेव्हा वाटलं नव्हतं, आज वाटलं गेली."

पाव घेऊन वर आलो. खाल्ला नाही.

२२ मार्च, रविवार

कोणी आलं नाही. मी जरा आधीच स्टूल मांडून ठेवलं होतं. वरून मावशींच्या काठीचा आवाज येत होता, खोलीतल्या खोलीत फिरत होत्या.

शेवटी एकट्यानेच जिनेवालीचा पिक्चर लावला, आवाज बंद करून. न ऐकता बघितलं की ती वेगळीच दिसते. तिच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडतो ते शोधत बसलो. एक दिवा वर असावा, थोडा डावीकडे, कारण नाकाची सावली फुलपाखरासारखी ओठांवर येते. जिना उतरताना ती पायरीकडे बघत नाही. एकदाही नाही. पावलं आपली आपण खाली येतात, जसं काही जिनाच तिला खाली आणून सोडतो आहे. ही म्हणायची, "बघा हो एकदा, येऊन बघा, कशी उतरते ती." मी आतूनच हूं म्हणायचो. खरंच बघण्यासारखं आहे. सांगायला कोणी नाही.

बसल्या बसल्या डोळा लागला. आमच्या कारखान्याचा लोखंडी जिना जिनेवाली उतरत होती, बुटांचा आवाज न करता. ती माझ्या टेबलाशी आली, दिव्याच्या पेटीत हात घातला, बाही पसरली आणि म्हणाली, जुळवा. मी म्हटलं, बाई, नमुना कुठाय? ती थांबून राहिली. तिला घाई नव्हती. जागा झालो तेव्हा पडद्यावर नुसता उजेड होता आणि खोलीत ऊन तिरपं आलं होतं.

२५ मार्च, बुधवार

संध्याकाळी जिन्यात मावशी भेटल्या, एकट्याच. मी म्हटलं, "पुढच्या पायरीचा कोपरा फुटलाय. माझ्या डाव्या बाजूने या, कठडा तिकडे आहे."

त्या थांबल्या आणि हसायला लागल्या. "हे बघा. हे! हे तुम्हाला येतं, आणि पिक्चर सांगता येत नाही म्हणे."

मला काही बोध झाला नाही. त्यांचा राग गेला असेल तर विचारावं म्हणून विचारलं, रविवारी येणार का.

"पुढच्या महिन्यात मी पुतण्याकडे चाललेय. कायमची. त्याला वाटतं मी इथे जिन्यावरून पडून मरेन. हे तोंडावर म्हणत नाही, खोली रंगवून घेतलीय म्हणतो."

मी म्हटलं, बरं होईल, सोबत होईल.

"सोबत! त्याच्या घरी मोठा टीव्ही आहे आणि सगळे आपापल्या फोनमध्ये." मग माझ्या कानाकडे बघत म्हणाल्या, "रंगवाले, जायच्या आधी मला तो पिक्चर एकदा पाहिजे. तिचा. तुमचा नको."

"मला तिचा येत नाही."

"इतकी वर्षं भिंतीपलीकडे होतात."

"लक्ष दिलं नाही."

"मग आता द्या," त्या म्हणाल्या. "तेवढा मिळाला तर सुखाने जाईन. नाहीतर कानात तुमचं ते 'कधीच प्रेम केलं नाही' घेऊन जायचं. या वयात."

घरी आल्यावर बराच वेळ दिवा लावला नाही. ही जाऊन तीन महिने होत नाहीत तोवर, तिचं या घरात जे थोडं उरलं होतं तेही मी पुसलं. चुकून नाही, चांगलं अचूक सांगून.

२८ मार्च, शनिवार

दुपारी बेकरी बंद असते. बेकरीवालीला आणि पोस्टातलीला विनंती केली की हिने सांगितलेला पिक्चर मला शिकवा. बेकरीवालीने शटर अर्धं खाली ओढलं, मला पिठाच्या पोत्यावर बसवलं आणि म्हणाली, "आता हे बघा, मी पियानोवाला."

दोघींचं एकमत कशावरच नाही. एक म्हणते असं, दुसरी म्हणते छे, ते टकटकच्या पिक्चरात. बेकरीवालीने मधेच सपातांनी टकटकचा नाच करून दाखवला, पीठ उडालं. पोस्टातली एरवी तोंडातून शब्द काढत नाही, पण जिनेवाली मोजे कशी चढवते ते तिने माझ्याच हातावर कागदी पिशवी चढवून दाखवलं, इतकं सावकाश की मी हात काढून घ्यायला विसरलो. तरुणपणी तिने भिवईवालीसारखी एक भुवई वर ठेवायचा सराव केला होता म्हणे, पोस्टाच्या खिडकीत बसून. लोकांना वाटायचं आपला पत्ता चुकला.

तर हिचा पियानोवाला असा बोलतो. पहिल्या भेटीत, तारुण्यबिरुण्य काही नाही. "इथे उजेड कमी आहे, खिडकीकडे सरकून बसा." गुडघ्यावर बसतो तेव्हा, "उद्या लवकर उठायचंय ना? दिवा मी मालवतो." ती यशस्वी होते, हारतुरे घेऊन खोलीत येते, तेव्हा म्हणतो, "दमलीस. पाय वर घे."

मी म्हटलं, यात प्रेम कुठे आहे? हा तर घरातला माणूस बोलल्यासारखा बोलतो.

"दादा, तुम्हाला खरंच कळत नाही?" पोस्टातली म्हणाली.

"नाही."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि बेकरीवालीने मला एक बिस्किट दिलं.

"आणि बंदरावर?"

या एका जागी त्या भांडल्या नाहीत. दोघी एकदमच म्हणाल्या. "स्वेटर घेतलास का? बोटीवर वारं असतं."

माझ्या हातातलं बिस्किट मोडून पोत्यावर पडलं. बेकरीवालीने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, पीठ गेलं घशात.

नंतर विचारलं, त्यावर ती काय म्हणते.

"ती काहीच म्हणत नाही. गाणं सुरू होतं."

"आणि मग?"

"मग संपतं," बेकरीवाली म्हणाली, आणि पोस्टातलीने उगाच काट्यावरचं वजन उचलून दुसरीकडे ठेवलं.

२ एप्रिल, गुरुवार

रंगाचा प्रश्न राहिला होता. हिने जिनेवालीच्या गाऊनला रंग दिला होता. हिरवा, एवढंच सगळ्यांना आठवतं. पण हिरवा म्हणजे काय? आमच्या पुस्तकात हिरव्याची किती तरी पानं आहेत. ती पानं घेऊन मी तिघींकडे फिरलो. नमुना नाही, पण नमुना ऐकलेली माणसं आहेत. असं काम आयुष्यात केलं नव्हतं.

बेकरीवालीने शेवाळी दाखवला. पोस्टातली म्हणाली, इतका गडद नाही, थोडा निळसर, पाण्याखाली दगड दिसतो तसा. मावशींना खिडकीत उन्हात बसवलं. त्यांनी मान वळवून, डोळ्याच्या कडेने, एकेक पान बघितलं. "हा नाही. हा फार आनंदी आहे. हा दवाखान्याचा." मग दोन पानांवर दोन बोटं ठेवली. "या दोघांच्या मधला. आणि त्यात चिमूटभर धूळ."

कामावर गेल्यावर तसा करून बघितला. हिरवा, निळा, कणभर काळा, थोडा पिवळट पांढरा. नाक्या डोकावला. "हा कोणाचा? आपल्या शेडकार्डात नाही हा."

खरंच नाही. पण मी ओळखला. लग्नानंतर आतली खोली रंगवायची होती तेव्हा उरलेल्या डब्यांतून मी हा हाताने बनवला होता. आतल्या खोलीची भिंत या रंगाची आहे, दर चार-पाच वर्षांनी मी तोच पुन्हा बनवतो.

हिला दुसरा रंग सुचला नसेल. डोळ्यांसमोर जे असतं तेच माणूस सांगतं.

४ एप्रिल, शनिवार

तालीम. आवाज बंद ठेवून सगळी वाक्यं म्हटली. कारखान्यात जिनेवालीसारखं, पायरीकडे न बघता, लोखंडी जिना उतरायचा प्रयत्न केला. कसं सांगायचं ते कळावं म्हणून. तिसऱ्या पायरीला कठडा धरावा लागला. खाली नाक्या उभा होता.

"प्रेमात पडलास की काय म्हाताऱ्या?"

"जिन्यावरून पडत होतो," मी म्हटलं.

पण त्याचं अगदीच चूक नाही. रात्रंदिवस त्या बायका डोळ्यांसमोर असतात. बसथांब्यावर एखादी मान वळवते, आणि उजेड बरोबर गालावर पडतो, की वाटतं, अरे. नळाखाली भांडं भरताना टकटकचा ठेका ऐकू येतो. हिला जग असं दिसत असावं. शेजारी बसून मला कळलं नाही.

५ एप्रिल, रविवार

तिघी आल्या. मावशींनी चांगली साडी नेसली होती. मी स्टूल घेत होतो, तर त्या म्हणाल्या, "तिथे नाही. खुर्चीत." मी हिच्या खुर्चीत बसलो.

पडदे ओढले. सुरुवातीला माझा आवाज कोरडा पडत होता. "दुकान आहे. काचेचं मोठं दार. ती उभी आहे, तिने... हिरवा गाऊन घातलाय. पाण्याखाली दगड दिसतो तसा, थोडा धुळकट."

मावशींनी श्वास सोडला.

मग सोपं गेलं. पियानोवाल्याने तिला खिडकीकडे सरकायला सांगितलं. तो गुडघ्यावर बसला आणि मी म्हटलं, दिवा मी मालवतो, तशी पोस्टातली नाक ओढू लागली. त्याआधी मोजे चढवताना बेकरीवालीने मला दोनदा चुकीचं सुचवलं, मी दोनदा तिचं ऐकलं. जिना आला. मी म्हटलं, मावशी, ती उतरतेय, पायरीकडे बघत नाही, बघायची गरजच नाही तिला. "माहीत आहे," मावशी म्हणाल्या, "मीही आता तशीच उतरते." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. या खोलीत मी याआधी हसलो होतो का, आठवत नाही.

एका जागी मी काही सांगायचं विसरलो. ती नाटकघरातल्या खोलीत एकटी आरशासमोर बसते, तोंडाचा रंग पुसते, आणि आरशात फक्त उजेड उरतो. मी बघतच राहिलो. कोणी टोकलं नाही.

मग बंदर. धुकं. त्याने कॉलर वर केली. त्याचे ओठ हलायची मी वाट बघितली. मग सांगितलं.

"स्वेटर घेतलास का? बोटीवर वारं असतं."

गाणं सुरू झालं. बोट सुटली. मला वाटलं, संपलं, निभावलं. मी मावशींकडे बघितलं. त्या समाधानी दिसत नव्हत्या. वाट बघत होत्या. तिघीही.

"काय राहिलं?" मी विचारलं.

"तुम्ही," मावशी म्हणाल्या. "आत जा."

"आत कशाला?"

"रंगवाले, तुमचं वाक्य राहिलंय."

मला कळेना. बेकरीवाली पुढे सरकून म्हणाली, "दादा, बोटीचं हे गाणं चालू असताना वहिनी बोलायच्या नाहीत. आतल्या खोलीकडे बघत बसायच्या. मग गाणं संपलं की तुम्ही आतून विचारायचात, चहा टाकू का?"

"प्रत्येक वेळी," पोस्टातली म्हणाली.

"त्याशिवाय हा पिक्चर संपत नाही," मावशी म्हणाल्या. "उठा, गाणं चाललंय."

मी उठलो. आतल्या खोलीत गेलो आणि पलंगावर माझ्या जागी बसलो. दार अर्धं उघडं राहिलं. ते तसं ठेवायचा हिचा हट्ट असे, मी वाऱ्यासाठी समजत होतो. समोर फटीतून वेताची खुर्ची दिसत होती, नेमकी, पाठीपासून हातापर्यंत. मला तिथून खुर्ची दिसते म्हणजे खुर्चीतून मी दिसत असणार. पेपर घेतलेला, मागे ती भिंत.

गाणं मला पाठ होतं. शब्द नाही, पण कुठे वर जातं आणि कुठे श्वास घेतं, सगळं. जिनेवालीचा आवाज हळूहळू लांब गेला, मग नुसती वाद्यं, मग तीही थांबली. बाहेर कोणी हललं नाही.

"चहा टाकू का?" मी विचारलं.

उत्तर यायला लागतो तेवढा वेळ थांबलो. मग उठून चहा टाकला.